पाला धरायचं साधन

साऱ्या खानदेशात माणसं पाणी शोधत फिरत होती, तेव्हा आमचे सासरे पाण्यातला पाला शोधत होते. त्यांच्याइतका सरळ, स्वच्छ, हट्टी आणि नुकसानकारक माणूस मला दुसरा भेटलेला नाही. धुळ्याला घरामागच्या बागेत त्यांनी बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद एक तळं बांधलं आणि त्या तळ्याने माझ्या बायकोची आखाजी बुडवली. खानदेशातल्या लेकीची आखाजी बुडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. अक्षय्यतृतीया, म्हणजे आमची आखाजी, सगळीकडे असते. लोक सोनं घेतात, आमरस खातात आणि झोपतात. आमच्याकडे त्या दिवशी लेक माहेरी असते, झाडाला झोका असतो, आणि त्या झोक्यावर बसून ती सासरच्या माणसांना गाण्यातून मनसोक्त शिव्या घालते. वर्षभर गिळलेलं एका दिवसात बाहेर काढायची ही सोय आहे. ज्या बाईचा झोका गेला, तिचं गिळलेलं घरातच राहतं. मी नवरा आहे, म्हणून हे मला नेमकं माहीत आहे.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. उभी हयात त्यांनी कालव्यांवर काढली. ओव्हरसियर म्हणून लागले, डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, आणि तीस-बत्तीस वर्षांत त्यांच्या एकाही कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत नितळ पोचलं नाही. मधेच कोणी बांध घाली, कोणी म्हैस, आणि उरलेलं काम पाला आणि गाळ करी. शेवटच्या गावचे लोक दर उन्हाळ्यात यांच्या दारात येऊन बसत. आबा त्यांना स्वतः चहा देत आणि खरं सांगत, "पाणी सोडलंय हो, पण तुमच्यापर्यंत कचरा येईल." निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल आणि नारळ दिला. आबांनी घरी येऊन शाल घडी करून ठेवली, नारळ देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत दोरी लावून तळ्याची आखणी केली. जगात निदान एक पाणी असं असावं, की ज्यात वरून खाली पाहिलं तर तळ दिसेल, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा साधी होती. पण तळं त्यांनी निंबाखाली आखलं.

आता निंबाखालीच का, तर तिथे सावली होती आणि विहीर जवळ होती. हा निंब प्लॉट घेतला तेव्हापासून उभा होता. खरं म्हणजे सासूबाईंनी प्लॉट घ्यायला लावला तो त्या झाडासाठीच. त्याची एक फांदी अशी आडवी गेली होती की जणू सुताराने रंधा मारून दिली असावी. त्या फांदीला झोका बांधून शोभा, म्हणजे माझी बायको, लहानाची मोठी झाली. आखाजीला गल्लीतल्या निम्म्या माहेरवाशिणी त्याच फांदीवर झुलत. अशा झाडाखाली तळं बांधायचं आणि मग त्यात पाला पडतो म्हणून कपाळाला हात लावायचा, हे म्हणजे चुलीशेजारी बसून धुराची तक्रार करण्यासारखं होतं. हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी आबांना सांगायला हवं होतं. पण नवा जावई पुरणपोळी खातो, मतं देत नाही.

आबांनी कामाला सुरुवात केली ती सासूबाईंच्या झाऱ्यापासून. शेव काढायचा मोठा पितळी झारा त्यांनी बांबूच्या टोकाला तारेने बांधला आणि रोज सकाळी सात ते साडेसात पाला काढायला लागले. झारा पानाला ठीक होता. काडीला लागू नव्हता. पान वर यायचं, काडी घसरून परत पाण्यात. दिवाळी आली, तेल तापलं, आणि सासूबाई झारा मागायला बागेत गेल्या. आबा म्हणाले, "चाचणी अर्धवट आहे." त्या वर्षी त्या घरी शेव झाली नाही. सासूबाईंनी फराळाच्या ताटावर प्रत्येक पाहुण्याला कारण सांगितलं, "यास्ना तळानी मना झारा खादा." पाहुणे हसले, आबाही हसले. झारा मात्र होळीपर्यंत बांबूलाच होता.

त्यानंतर तक्ता आला. नोकरीत असताना कुठलीही वस्तू घ्यायची तर आबा निदान तीन प्रकार मागवून, शेजारी शेजारी ठेवून, त्यांचा तुलनात्मक तक्ता करत. त्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आता त्यांनी एका मोठ्या कागदावर रेघा मारल्या. डाव्या बाजूला साधनाचं नाव, मग पान, काडी, फूल, निंबोळी असे रकाने, आणि शेवटी शेरा. झाऱ्यापुढे शेरा होता, "घरगुती विरोध." तो तक्ता जेवणघराच्या भिंतीवर लावलेला असे, आणि जेवताना आबा त्याकडे असे बघत की आपण काय जेवतोय याचा त्यांना पत्ता नसे. एकदा सासूबाईंनी मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. आबा दोन वाट्या वरण जेवले आणि हात धुताना म्हणाले, "फुलाचं काय करावं?"

मग जाळी. यासाठी मला जळगावहून बोलावून घेतलं. मी तिथे शाळेत मराठी शिकवतो. जाळ्याशी माझा संबंध व्याकरणातल्या समासाइतकाच. पण आबांच्या घरात जावयाचं मत वजनदार धरत, त्यामुळे मला स्कूटरवर मागे बसवून ते तापीकाठच्या एका गावी घेऊन गेले. तिथे एक म्हातारा भोई जाळं दुरुस्त करत बसला होता. आबांनी खिशातून पट्टी काढली आणि जाळ्याची भोकं मोजायला लागले. म्हाताऱ्याने थोडा वेळ पाहिलं. त्याची भोकं आजवर माशांशिवाय कोणी मोजली नव्हती. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "सायेब, तुमले मासा धरना शे का पाला?" आबा गंभीरपणे म्हणाले, "पाला." म्हातारा म्हणाला, "मंग जाळं कसाले? बकरी लई जा." मी तोंड फिरवून नदीकडे पाहायला लागलो. आबांनी ते वाक्य मनावर घेतलं. परतताना वाटेत गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "बकरी पाण्यात पडलेला पाला खाईल, की फक्त काठावरचा?"

जाळी आणली, ती तळ्यावर ताणून बांधली. तळं मच्छरदाणीत झोपल्यासारखं दिसायला लागलं. पानं जाळीवर साठली, जाळीला पोट आलं, आणि एका वावटळीत ते पोट पाण्याला टेकलं. शिवाय निंबाचं पान मुळात बारीक. वाळलं की सुईसारखं होतं आणि कुठल्याही भोकातून जातं. मग अधिक बारीक जाळी, मग मलमल. मलमलीतून पान जात नसे, पण उजेडही जात नसे. आबांनी हौसेने सोडलेले लाल मासे अंधारात हिंडेनासे झाले. सासूबाई म्हणाल्या, निदान एकदा तळं तरी दिसू द्या. तिथे आबा पहिल्यांदा चिडले. "तळं दिसावं म्हणूनच चाललंय हे सगळं," असं म्हणाले आणि मलमल सोडवून टाकली.

त्यानंतर यंत्रयुग सुरू झालं आणि माझ्या आयुष्याची वाट लागली. भुसावळच्या भंगारबाजारातून त्यांनी एक जुना पंप आणला. तो पाणी ओढी, पण काय ओढावं याचा विवेक त्याला नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने एक मासा ओढला. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. पंपाच्या तोंडाला त्यांनी तारेची जाळी लावली, जाळीपुढे वाळूची पेटी ठेवली, वाळूपुढे कोळसा. मग कुठून तरी त्यांच्या हाती एक परदेशी छापील पत्रक लागलं. त्यात चित्र होतं की एक गोरी बाई बागेतल्या खुर्चीत वाचत बसली आहे, आणि तिच्या तळ्यात एक गोल डबा तरंगत तरंगत वरच्यावरचा पाला आत घेतो आहे. आबांनी पत्रकावरच्या पत्त्यावर इंग्रजीत तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की डबा आपणच करायचा.

त्यासाठी अमळनेरहून गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आला. नळ्यांसाठी जळगाव होतंच, आणि जळगावात मी होतो. त्या दोन वर्षांत मी जेवढ्या प्लास्टिकच्या नळ्या एस.टी.तून धुळ्याला नेल्या तेवढ्या कुठल्या दुकानदारानेही नेल्या नसतील. दहा फुटी नळी घेऊन गाडीत चढायचं म्हणजे आधी नळीला खिडकी लागते, मग आपल्याला जागा. पारोळ्याला एका कंडक्टरने मला नळीसकट उतरवलं. उन्हात तासभर नळी खांद्याला लावून मी दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो, आणि माझा एक जुना विद्यार्थी सायकलवरून जाताना थांबला, नमस्कार केला आणि "सर, शाळा सोडली का?" असं विचारून गेला. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नळी वाकली नाही ना?"

पण तो डबा चालला, हे कबूल केलं पाहिजे. डब्याच्या कडेला थर्माकोल, कड पाण्याच्या जरा खाली, तळातून पंप पाणी ओढायचा आणि वरचा पाला आपण होऊन डब्यात येऊन पडायचा. फेब्रुवारीतल्या पानगळीत डब्याने पानं घेतली, काड्या घेतल्या. आबा काठावर खुर्ची टाकून बसले होते, अगदी चित्रातल्या बाईसारखे, फक्त त्यांच्या हातात पुस्तकाऐवजी घड्याळ होतं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. तळ दिसत होता. तळातली एक पांढरी गारगोटी त्यांनी मला बोट करून दाखवली. मलाही बरं वाटलं, कारण मला वाटलं की आता नळ्या संपल्या.

चैत्र आला आणि निंब फुलला. निंबाचं फूल म्हणजे तांदळाच्या कणीएवढं. दिवसरात्र झडत राहतं, भिजतं, लगदा होतं आणि लगदा जाळीत बसतो. डबा गुदमरायला लागला. आबांनी पत्र पाठवलं की दोन इंची नळी, दहा फूट, चार नग, शक्य तितक्या लवकर. मी शनिवारची सकाळची शाळा करून, नळ्या घेऊन, पारोळ्याच्या त्या कंडक्टरला चुकवून, संध्याकाळी धुळ्याला पोचलो. आबा तळ्याकाठी उकिडवे बसले होते आणि जुन्या दातांच्या ब्रशाने जाळी घासत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "पाहुणे, दोन इंची नाही, अडीच लागेल."

माझी जीभ मला नेहमीच आडवी आली आहे. वर्गात मुलं हसतात, म्हणून ती तशीच वाढली. मी नळ्या खाली टाकल्या आणि म्हणालो, "आबा, रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय तुमचं. पाला तळ्यात उगवत नाही, झाडावर उगवतो. झाड काढा, साधनच लागणार नाही." असं म्हणून मी हसलोसुद्धा. वाक्य छान जमलं होतं. आबांनी ब्रश खाली ठेवला. वर त्या आडव्या फांदीकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हे तुमचं मत समजू?"

"समजा," मी म्हणालो आणि चहा प्यायला आत गेलो.

ज्या माणसाने भोयाची बकरीसुद्धा खरी मानली, त्याच्यासमोर थट्टा करू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. कामाची पत्रं घरी पाठवायची नाहीत हा आबांचा जुना नियम. त्यात दोन ओळी होत्या. आपल्या सूचनेची अंमलबजावणी काल पूर्ण झाली, सौ. शोभाला आखाजीला वेळेवर घेऊन यावे. मी ते कार्ड स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मधल्या सुट्टीत मी ते फाडलं. घरी जाऊन बायकोला सांगायला चार दिवस होते. रोज जेवताना सांगायचं ठरवलं आणि रोज भाकरी संपली.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही पोचलो. गेट उघडल्याबरोबर शोभाने डोळ्यांवर हात धरला. अंगणात एवढं ऊन तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती घरात गेलीच नाही, सरळ मागे गेली. तिथे गुडघ्याएवढा बुंधा होता, नीट करवतीने सपाट कापलेला, वर डांबर लावलेला. तळ्यावर एक पान नव्हतं. आबा पुढे आले, धुतलेला सदरा घातलेला, आणि तिने विचारलं, "आबा, झाड कोठे शे?" शहरात वाढलेली, शिकलेली बाई, आईशी बोलताना किंवा फार लागलं असलं तरच तिच्या तोंडी घरची बोली येते. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या सांगं व्हतं यास्ले. पाला रोज पडस, रोज काढी टाकसूत. सावली कोठून लयशात?"

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला?" शोभाने विचारलं.

मी हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही. माझा निर्णय," ते म्हणाले. आयुष्यभर ज्यांनी कुठल्याही कागदावर सुचवणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सही केली नाही, ते आबा माझ्या बायकोसमोर धडधडीत खोटं बोलले. आणि मी ते बोलू दिलं. मग उशीर झाला, आणि उशिराला रोज आणखी उशीर होतो.

आबांनी झोक्याची सोय केली होती, हेही सांगायला हवं, कारण त्यात त्यांचा जीव होता. गल्लीतल्या वेल्डरकडून त्यांनी लोखंडी नळ्यांचा एक मोठा सांगाडा करून घेतला होता, हिरवा रंग दिला होता, साखळ्या लावल्या होत्या, आणि वाळूची पोती बसवून दोन दिवस त्याची चाचणी घेतली होती. हिरवा रंग का, तर झाडाची उणीव भासू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या माहेरवाशिणी नेहमीप्रमाणे दोर घेऊन आल्या आणि गेटातच थबकल्या. मग एकीने धीर केला, साखळी धरली आणि किंचाळून सोडली. वैशाखातलं धुळ्याचं ऊन, वर सावली नाही, आणि खाली लोखंड. "आबा, हाऊ झोका शे का तवा?" असं म्हणून ती हात झटकायला लागली. बाकीच्या हसल्या, आणि हसता हसता दोर घेऊन दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या झाडाकडे गेल्या. आबा साखळ्यांना ओल्या फडक्याने गुंडाळत होते. "पाच मिनिटं थांबा गं, थंड होईल," असं ते त्यांच्या पाठीला म्हणाले. शोभा एकटी त्या झोक्यावर बसली. दोन हेलकावे घेतले, साखळी करकरली, ती उतरली आणि म्हणाली, "आता मी आखाजीला येणार नाही आबा." बापाचीच लेक होती, तिने ते पाळलं.

पुढचं सगळं इतकं ठरल्यासारखं झालं की हसू यावं. झाड गेलं तशी तळ्यावर दिवसभर ऊन पडायला लागलं, पाणी तापलं, आणि महिन्याभरात शेवाळाने हिरवंगार झालं. मासे मेले. वर एक पान नाही, एक काडी नाही, आणि खाली तळ नाही. ती पांढरी गारगोटी मग कोणालाच दिसली नाही. तीस वर्षं पाण्यात काढलेल्या इंजिनिअरला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, त्याला कळलं होतं, पण जावयाच्या मताला मान दिला. आमच्याकडे जावयाला पाट देतात, आहेर देतात, आणि क्वचित एखादं झाडही देतात. शेवाळासाठी आबांनी चुना आणला, तुरटी आणली, पण पूर्वीचा उत्साह नव्हता. भिंतीवरचा तक्ता उतरला. एकदा मी बळेच विचारलं, आता कुठलं साधन बघताय, तर म्हणाले, "उन्हाला जाळी लागत नाही, पाहुणे." माझ्यावर एका शब्दाने ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर मी भांडलो असतो, दोन वाक्यं छान जमवली असती आणि सुटलो असतो. तो माणूस मला सुटू देत नव्हता, आणि त्याचा राग मला आजही येतो.

दिवाळीला शोभा जायची, पाहुण्यासारखी दोन दिवस. आखाजीला नाही. तिसऱ्या आखाजीला भर दुपारी आमच्या जळगावच्या दारात आबा उभे. डोक्याला रुमाल, काखेत छत्री, एका हातात सासूबाईंनी दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आबाही लग्नानंतर कधी प्यायले नव्हते, येताना स्वतःचं पाणी आणत. त्या दिवशी गाडी एरंडोलजवळ बंद पडली होती आणि तांब्या तिथेच संपला होता. ओठ पांढरे पडले होते. शोभाने पाणी आणलं, ते म्हणाले, "नको, बाहेर घेतलं." पंख्याखाली बसले. पंखा फिरत होता आणि मी त्याच्या आवाजात काहीतरी ऐकू येतंय असा चेहरा करून बसलो होतो.

"तू येत नाहीस," आबा म्हणाले, "म्हटलं आपण जावं."

"झाड येणार आहे का परत?" शोभा म्हणाली.

"नाही." मग म्हणाले, "चूक झाली ती, शोभे. माझी झाली."

आणि ते पंख्याकडे पाहत राहिले, मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून. मला सगळं कळत होतं. त्या खोलीत त्या क्षणी खरं बोलायला एकच माणूस मोकळा होता आणि तो चटईचे दोरे काढत बसला होता. आबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण ते पाणी." शोभाने भरलेलं फुलपात्र दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं, आणखी एक मागितलं, तेही संपवलं. शोभा फुलपात्र घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिचं मन तेव्हा अर्धं हललं होतं. अर्धंच. आबांनी वाट पाहिली, मग उठले. साडेतीनची गाडी होती. "पाहुणे, ऊन फार आहे, स्टँडपर्यंत येऊ नका," असं म्हणाले आणि छत्री उघडून निघाले.

त्याच वर्षी पौषात आबा गेले. फार त्रास न होता गेले, सकाळी, चहा झाल्यावर. दिवस झाले, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, धुळ्याचं घर विकलं. नव्या मालकाने तळं बुजवून तिथे मोटारसायकली लावायला शेड घातली असं ऐकतो. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

शोभाला मी सांगितलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. ती गहू निवडत होती. रेड्याची म्हण, पोस्टकार्ड, सगळं सांगितलं. मला वाटलं ती ताट फेकेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. तिने खडा वेचला, बाजूला ठेवला, आणखी एक वेचला. मग मान वर न करता म्हणाली, "झाडाचं जाऊ द्या. ते गेलं असतं कधीतरी. पण त्या दिवशी ते आले होते तेव्हा तुम्ही बोलला असतात ना, तर मी चपला घालून त्यांच्याबरोबर निघाले असते."

ऊन असूनही मी त्या दिवशी स्टँडवर गेलो होतो. आबांना दिसणार नाही असा, रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो. आखाजीच्या दुपारी धुळ्याच्या गाडीला गर्दी नसते. लेकी आदल्या दिवशीच माहेरी पोचलेल्या असतात. आबा खिडकीशी बसले होते. शेजारच्या जागेवर त्यांनी छत्री आडवी ठेवली होती आणि गाडी सुटेपर्यंत ते दाराकडे पाहत होते.